ठोका कशाचा, दोष कोणाला?



गेली दोन-तीन वर्षे आपल्या भागात एक वाक्य फार कानावर येऊ लागले आहे. वजनकाट्याच्या रांगेत असो, गट ऑफिसच्या पायरीवर असो, की सोसायटीच्या कट्ट्यावर असो, चार सभासद जमले की त्यांतला एकजण हमखास म्हणतो, "पेट्रोलात इथेनॉल घालायला लागल्यापासनं गाडी चढाला ठोकतीया बघा." दुसरा मान डोलावतो. तिसरा सांगतो की रत्नागिरीहून येताना आंबा घाटात इंजिन असे कडकडले, की पोराबाळांना खाली उतरवावे लागले. आणि मग सगळेच ठरवून टाकतात, की हे इथेनॉलच गाडीच्या मुळावर आले आहे.

गंमत अशी, की ज्या इथेनॉलला आपण नावे ठेवतो ते होते उसापासून. ऊस आपला, कारखाना आपला, डिस्टिलरी आपली. म्हणजे माल विकणारे आपण, तोच माल पंपावर विकत घेणारे आपण आणि त्याच्यावर तक्रार करणारेही आपणच. अशा वेळी कट्ट्यावरच्या निकालावर विसंबून राहणे आपल्याला परवडणारे नाही. इंजिनचा ठोका म्हणजे नक्की काय, तो का होतो, त्याने काय नुकसान होते आणि त्यात इथेनॉलचा दोष किती, हे सभासदांपुढे सरळ मांडावे म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत. आमचे मत आधीच सांगून टाकतो: ठोक्याच्या बाबतीत इथेनॉल गुन्हेगार नाही, ते औषध आहे. परंतु औषधाची बाटली स्वच्छ आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी मात्र आपल्यालाही टाळता येणार नाही.

ठोका म्हणजे काय?

पेट्रोल इंजिनचे काम चार टप्प्यांत चालते. पिस्टन खाली येताना हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन वर जाताना ते दाबले जाते. मग प्लगची ठिणगी पडते, मिश्रण जळते आणि पिस्टन जोराने खाली ढकलला जातो. शेवटी धूर बाहेर जातो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे मारत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा ठिणगी पडते.

पुष्कळांची समजूत असते की सिलिंडरमध्ये स्फोट होतो. निरोगी इंजिनमध्ये स्फोट होत नाही, तिथे ज्वलन होते. उसाचा पाला एका कडेने पेटवला की जाळ जसा सरीसरीने पुढे सरकतो, तसा प्लगपाशी लागलेला जाळ सिलिंडरभर पसरत जातो. दाब झपाट्याने पण एका लयीत वाढतो. पिस्टनला मिळतो तो रेटा असतो, घाव नव्हे.

आता असे समजा, की जाळ अजून निम्म्या वाटेवर आहे आणि पलीकडच्या कोपऱ्यातले न जळलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने इतके तापले, की ते आपल्या आपणच पेटले. मग मात्र तो कोपरा क्षणार्धात भडकतो. दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात. लोखंडी पिंपात मूठभर खडे टाकून हलवावे तसा कडकड, टकटक आवाज येतो. यालाच आपले मेस्त्री लोक "इंजिन नॉक मारतंय" असे म्हणतात.

आवाज ओळखण्याची एक सोपी खूण आहे. गाडी चढावर किंवा ओझ्याखाली असताना कडकड येते आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा सैल केला की थांबते, तर तो ठोका समजावा. गाडी नुसती उभी असतानाही टिकटिक चालूच असेल, तर ते बहुधा टॅपेटचे काम असते. आणि आतून जड, खोल "धक् धक्" येत असेल, तर बेअरिंग गेले असण्याचा संभव असतो. तिन्ही आवाजांना एकच नाव देऊन मेस्त्रीकडे गेले, तर खिशाला उगाच चाट बसते.

दुखणे अंगावर काढू नये

कधीमधी चढावर हलका ठोका आला आणि लगेच थांबला, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. पण रोजचा ठोका हे दुखणे आहे आणि ते अंगावर काढले तर इंजिन उघडावे लागते.

याचे कारण असे. सिलिंडरच्या भिंतीला आणि पिस्टनच्या माथ्याला लागून वायूचा एक पातळ थर असतो. आतला जाळ अतिशय तापमानाचा असूनही ॲल्युमिनियमचा पिस्टन वितळत नाही, ही त्या थराची कृपा. ठोक्याच्या लाटा हा थरच उडवून लावतात. मग उष्णता थेट धातूत शिरते. पिस्टनची कड खरवडल्यासारखी होते, रिंगांमधल्या पट्ट्या तुटतात, हेड गॅस्केट जळते आणि बेअरिंगवर घणाचे घाव पडत राहतात. इंजिन जास्त तापते, म्हणून पुन्हा ठोका वाढतो. ठोका वाढला म्हणून पुन्हा तापते. असे ते चक्र आहे.

याच्याही पुढची पायरी म्हणजे ठिणगी पडण्याच्या आधीच पेटणे. काजळीचा लाल झालेला खडा किंवा तापलेला प्लग हा ठिणगीचे काम वेळेआधीच करतो. पिस्टन अजून वर येतोय आणि वरून जाळ त्याला खाली दाबतोय, अशी अवस्था होते. याला फार आवाज असेलच असे नाही, पण यानेच पिस्टनला भोक पडते. घाटात मध्येच ताकद गेलेली, धूर ओकणारी गाडी पुष्कळदा याच वाटेने गेलेली असते. मागे ओझे, पुढे वळण आणि खाली दरी अशा जागी इंजिनने दगा देणे हा केवळ पैशाचा प्रश्न राहत नाही.

आंबा घाटाची परीक्षा

आपल्या सभासदांना ठोका रत्नागिरीच्या वाटेवरच का ऐकू येतो, यालाही कारण आहे. रत्नागिरी, हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा आणि मग आंबा घाट. समुद्रकाठापासून निघालेला हा रस्ता आपल्याला सह्याद्रीच्या माथ्यावर आणून सोडतो. मे महिन्यात गणपतीपुळ्याचे दर्शन करून आपण परत निघतो. कोकणातला उकाडा, गाडीत पाच माणसे, डिकीत हापूसच्या पेट्या आणि वर एसी चालू. ठोका होण्यास जे जे लागते ते सगळे इथे एका जागी गोळा होते.

त्यात आपली चालवण्याची पद्धत. "गिअर खाली टाकला की पेट्रोल जास्त पितं" असे मानून आपण चौथ्या गिअरमध्येच गाडी ओढत राहतो आणि ॲक्सिलरेटर पार खाली दाबतो. इंजिनचे फेरे कमी, ओझे जास्त. अशा वेळी कोपऱ्यातल्या मिश्रणाला तापायला भरपूर सवड मिळते. बैल घायकुतीला आला तर आपण ओझे हलके करतो, मागून कोयता दाखवत नाही. इंजिनलाही तेच पाहिजे. चढ लागण्याआधी गिअर खाली टाकावा, फेरे वाढू द्यावेत. निम्मे ठोके एवढ्यानेच थांबतात.

बाकीची कारणे मेस्त्रीच्या हातातली आहेत. पिस्टनच्या माथ्यावर साठलेली काजळी, रेडिएटरमध्ये पाणी कमी असणे किंवा पंखा न फिरणे, चुकीच्या जातीचा प्लग, जुन्या गाड्यांत फार पुढे ओढून ठेवलेले टायमिंग, चोंदलेला फिल्टर आणि त्यामुळे पेट्रोल कमी व हवा जास्त असे झालेले मिश्रण. नव्या गाड्यांत ठोका ओळखणारा सेन्सर असतो. तो कडकड सुरू होताच ठिणगीची वेळ मागे घेतो. त्यामुळे आवाज येत नाही, पण गाडीची ताकद थोडी कमी होते. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला आणि साध्या मोटारसायकलीला असा राखणदार नसतो. तिथे तुमचा कानच सेन्सर.

एक गोष्ट ट्रॅक्टरवाल्या सभासदांसाठी. डिझेल इंजिनचा ठोका हा वेगळा प्रकार आहे. तिथे प्लगच नसतो. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल फवारले जाते आणि ते आपोआप पेटायचेच असते. ते पेटायला उशीर झाला, की साठलेले डिझेल एकदम भडकते आणि ठोका बसतो. म्हणजे पेट्रोल इंजिनात इंधन आपोआप पेटू नये म्हणून खटपट, तर डिझेल इंजिनात ते लवकर पेटावे म्हणून खटपट. एकाचे पथ्य दुसऱ्याला विष. ट्रॅक्टर ठोकत असेल तर नोझल आणि पंपाचे टायमिंग तपासावे. कोणाच्या सांगण्यावरून टाकीत पेट्रोल वा स्पिरिट ओतण्याचा उद्योग करू नये.

ऑक्टेनची गोष्ट

पेट्रोल आपोआप न पेटता किती दाब सहन करते, याचे माप म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेन नावाचा द्रव सहज ठोकत नाही, म्हणून त्याला १०० धरले. हेप्टेन लगेच ठोकतो, म्हणून त्याला शून्य. ९१ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे ९१ भाग पहिला व ९ भाग दुसरा अशा मिश्रणासारखे वागणारे पेट्रोल. जुन्या अँबॅसडरचे इंजिन मिश्रणाला साधारण सात पट दाबत असे. आजच्या मोटारी दहा-अकरा पट दाबतात. जितके जास्त दाबावे तितके एका लिटरात काम जास्त होते, पण तितकाच चांगला ऑक्टेन लागतो. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालणारी जुनी पंपाची इंजिने आठवत असतील, तर ती रॉकेल पचवीत, कारण त्यांत दाब मुळातच कमी ठेवलेला असे.

ठोका थांबवण्यासाठी जगाने एकेकाळी मोठा विषारी मार्ग धरला. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना डिसेंबर १९२१ मध्ये असे आढळले, की शिशाचे एक संयुग चिमूटभर घातले तरी ठोका बंद होतो. अल्कोहोलनेही ठोका थांबतो हे त्यांना त्याआधीच ठाऊक होते. पण अल्कोहोल कोणीही शेतमालापासून करू शकतो, त्याची मक्तेदारी होत नाही. शिसे अगदी थोडे लागते आणि त्याचे पेटंट घेता येते. १९२३ मध्ये शिसेयुक्त पेट्रोल बाजारात आले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यात त्याच शिशाच्या विषबाधेने पाच कामगार दगावले. तरीही पुढची कित्येक दशके जगभरच्या मोटारी धुरातून शिसे ओकत राहिल्या आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होत राहिला. आपल्या देशात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून शिसे देशभर बंद झाले. जगातला शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ते २०२१ मध्ये थांबले.

म्हणजे ज्या अल्कोहोलला शंभर वर्षांपूर्वी बाजूला सारले, तेच आज पुन्हा दारात आले आहे. इथेनॉलचा ऑक्टेन १०० च्या वर, साधारण १०८ धरला जातो. शिवाय ते वाफ होताना पुष्कळ उष्णता शोषून घेते, त्यामुळे आत जाणारे मिश्रण थंड राहते. मडक्यातले पाणी ज्या न्यायाने गार होते, तोच हा न्याय. भारतीय मानकाप्रमाणे साध्या पेट्रोलचा ऑक्टेन किमान ९१ लागतो, तर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा किमान ९५. हे आकडे समोर असताना "इथेनॉलमुळे ठोका वाढला" असे म्हणणे म्हणजे मिठाने भाजी अळणी झाली म्हणण्यासारखे आहे.

चोर सोडून संन्याशाला फाशी

मग गाड्या ठोकतात का? वर सांगितलेल्या कारणांखेरीज एक जुने कारण आहे: भेसळ. रॉकेलचा ऑक्टेन पेट्रोलच्या मानाने फारच कमी. पेट्रोलात थोडे जरी रॉकेल किंवा स्वस्तातले सॉल्व्हंट मिसळले, तरी पहिल्याच चढाला इंजिन कडकडू लागते आणि आत काजळी साठते ती वेगळीच. सरकारी दराचे स्वस्त रॉकेल आणि महाग पेट्रोल यांमधल्या फरकावर किती लोक गबर झाले, हे आपल्या पिढीने पाहिले आहे. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलाची भेसळ पकडली, तेव्हा त्यांना जिवंत जाळण्यात आले. एका कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याचा जीव ज्या धंद्याने घेतला, त्याला विसरून इथेनॉलला फासावर चढवणे हे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे होय.

योगायोग असा, की पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोगही त्याच मनमाडला झाले. २००१ साली देशात तीन ठिकाणी प्रायोगिक प्रकल्प घेतले, त्यांतली दोन महाराष्ट्रातली, मिरज आणि मनमाड. कल्पना तर त्याहून जुनी. इंधनाच्या अल्कोहोलसाठी आपल्या देशाने १९४८ सालीच कायदा केला होता. जानेवारी २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने बी-हेवी मळी आणि उसाचा रस यांपासून इथेनॉल करण्याची वाट मोकळी केली. जून २०२२ मध्ये १० टक्क्यांचा टप्पा गाठला, फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० पंपावर आले आणि २०२५ मध्ये मिश्रण २० टक्क्यांच्या टप्प्यावर पोहोचले.

तक्रारीत खरे काय?

लोक बोलतात ते सगळेच खोटे आहे, असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या मालाची बाजू घेताना ग्राहकाचे खरे बोलणे दाबून टाकणे हा सहकाराचा धर्म नव्हे. तक्रारीत तीन गोष्टी खऱ्या आहेत.

पहिली गोष्ट ॲव्हरेजची. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे ॲव्हरेज थोडे घटणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ही घट जुन्या रचनेच्या मोटारींना ६ ते ७ टक्के, दुचाकींना ३ ते ४ टक्के आणि १० टक्के मिश्रणासाठी बनवून २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या मोटारींना १ ते २ टक्के अशी धरली होती. म्हणजे पन्नासचे ॲव्हरेज देणारी मोटारसायकल अठ्ठेचाळीसवर येईल. पंचवीसवर आली, तर दुखणे दुसरे आहे, ते शोधले पाहिजे.

दुसरी गोष्ट जुन्या गाड्यांची. इथेनॉलने काही जुने रबरी पाइप व वॉशर फुगतात किंवा चिरतात. टाकीत वर्षानुवर्षे बसलेला गाळ ते सोडवते आणि तो गाळ फिल्टरमध्ये जाऊन अडकतो. फिल्टर चोंदला की इंजिनला पेट्रोल कमी पडते, मिश्रण हलके होते आणि हलके मिश्रण ठोकते. ज्याला लोक "इथेनॉलचा ठोका" म्हणतात, तो असा आडवाटेने आलेला असू शकतो. यावर उपाय वीस-तीस हजारांचा नाही. टाकी साफ करून घ्यावी, फिल्टर बदलावा, रबरी पाइप नवे बसवावेत.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि ती आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची. पेट्रोल पाण्याला जवळ करत नाही, इथेनॉल करते. थोडे पाणी ते आपल्यात सामावून घेते. पण मर्यादा ओलांडली, की इथेनॉल पेट्रोलची संगत सोडते आणि पाण्याबरोबर तळाला जाऊन बसते. वर राहते ते ऑक्टेन गमावलेले पेट्रोल. ज्या इथेनॉलच्या जिवावर त्याचा ऑक्टेन ९५ झाला होता, ते तळाशी गेलेले असते. असे वरचे पेट्रोल इंजिनात गेले की ठोका येतो आणि तळाचे गेले की गाडी सुरूच होत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि आपल्याकडचा घाटमाथाही काही कोरडा नाही. दमट हवेने ठोका वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. धोका आहे तो पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पावसाचे पाणी झिरपण्याचा आणि आपल्या गाडीच्या झाकणाचे रबर गेलेले असण्याचा. सबब, कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळ्यात पंपाच्या टाकीतले पाणी रोज तपासले गेले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. इथेनॉलच्या पेट्रोलात पाणी शिरले तर ते जुन्या पेट्रोलासारखे निमूटपणे तळाशी बसत नाही, ते मालाची प्रतच बिघडवते. एका पंपाच्या हलगर्जीपणाने शंभर गाड्या ठोकल्या, तर नाव खराब होते आपल्या उसाचे.

यात आपले काय अडकले आहे?

सभासदांनी हे नीट ध्यानात घ्यावे. सी-हेवी मळीच्या एका टनापासून साधारण २२५ लिटर, बी-हेवीपासून ३०० लिटर आणि उसाच्या रसापासून थेट केले तर एका टन उसामागे ७० लिटर इथेनॉल मिळते. साखर गोदामात पडून राहते, व्याज चढत जाते. इथेनॉलचे पैसे त्या मानाने लवकर हाती येतात. एफआरपीची रक्कम १४ दिवसांत द्यावी असा कायदा आहे. तो पाळण्याचे बळ कारखान्याला जिथून मिळते, त्यांत डिस्टिलरीचा वाटा मोठा आहे.

पण ही वाट अजून पक्की डांबरी झालेली नाही. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंदी घातली. आठवडाभरात ती थोडी सैल केली आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस पुढच्या वर्षासाठी उठवली. तोवर कर्ज काढून उभ्या केलेल्या डिस्टिलऱ्यांची काय अवस्था झाली, हे आपण पाहिले. दुसरीकडे मक्याच्या इथेनॉलने उसाच्या इथेनॉलला मागे टाकले आहे. अशा वेळी गिऱ्हाइकाचा विश्वास हेच आपले खरे भांडवल. २०२५ च्या उन्हाळ्यानंतर ई-२० वर देशभर ओरड झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १ सप्टेंबर २०२५ रोजी याचिका फेटाळली गेली. न्यायालयात खटला संपला म्हणून पंपावरच्या माणसाच्या मनातली शंका संपत नाही. ब्राझीलने १९७५ पासून हा कार्यक्रम चालवला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिथले मिश्रण ३० टक्क्यांवर गेले. पन्नास वर्षांत गिऱ्हाइकाला बरोबर घेत घेत ते तिथवर आले.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे त्या याव्यात, अशी विनंती आहे.

आपल्या डिस्टिलरीतून बाहेर पडणाऱ्या इथेनॉलची शुद्धता व त्यातल्या पाण्याचे प्रमाण या बातमीपत्रात दर महिन्याला छापावे. आपला माल चोख आहे हे आपण स्वतःहून दाखवावे, कोणी विचारण्याची वाट पाहू नये. पेट्रोल पंपावर मिश्रणाचे प्रमाण आणि ऑक्टेन ठळक अक्षरांत मराठीत लिहावा, अशी मागणी साखर संघामार्फत तेल कंपन्यांकडे करावी. जुन्या गाड्यांसाठी कमी मिश्रणाचे पेट्रोल ठरावीक पंपांवर मिळावे, या मागणीलाही ऊस उत्पादकांनी विरोध करू नये. आणि ॲव्हरेज घटते त्याची भरपाई दरात मिळावी, असे नीती आयोगाच्या अहवालातच सुचवले होते. इथेनॉलचा खरेदीदर वाढल्यामुळे ते जमत नाही असे सांगितले जाते. आपल्याला दर हवाच आहे, परंतु गिऱ्हाइकाला वाऱ्यावर सोडून मिळालेला दर टिकत नाही, हे दूधवाल्या सभासदांना वेगळे सांगायला नको.

शेवटची सूचना साधी आहे. गळीत हंगाम संपला की कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये दोन दिवस सभासदांच्या पेट्रोल गाड्यांची तपासणी ठेवावी. मेस्त्री आपलेच आहेत. फिल्टर, प्लग, रबरी पाइप, रेडिएटर आणि टाकीतले पाणी एवढे पाहिले तरी पुष्कळ भ्रम दूर होतील.

सभासदांनीही आपल्याकडून एवढे करावे. चढ येण्याआधी गिअर खाली टाकावा. कडकड आली तर पाय सैल करावा, गाडी दामटू नये. पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवू नये, कारण रिकाम्या टाकीत दमट हवा शिरून पाणी धरते. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत पेट्रोल साठवू नये. शक्यतो ओळखीच्या, चालत्या पंपावर भरावे आणि शंका आली तर घनता व फिल्टर पेपरची चाचणी मागावी. तो ग्राहकाचा हक्क आहे, पंपवाल्याचा उपकार नव्हे. गाडीच्या पुस्तकात सांगितले नसेल तर महागड्या "पॉवर" पेट्रोलच्या नादी लागू नये. ठोकत नसलेल्या इंजिनला जास्त ऑक्टेन पाजून ताकद वाढत नाही.

आणि ठोका आलाच, तर आधी कारण शोधावे, मग दोष द्यावा. उसाला हुमणी लागली तर आपण बेण्याला शिव्या देत बसत नाही, मुळाशी उकरून बघतो. इंजिनच्या बाबतीतही तेच शहाणपण वापरावे, एवढेच आमचे सांगणे आहे.